‘आई सांगेल ते धरायचं का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अपंग मुलाला घरी किती आणि कसली शुश्रूषा लागते हे ठरवताना मी माझ्या लेखात घरच्यांनी लिहिलेल्या चोवीस तासांच्या वहीला (दिवसरात्र मुलाचं काय काय केलं त्याची नोंद) फार महत्त्व दिलं, असा तुमचा आक्षेप. प्रमाणित चाचण्या असताना आईचं सांगणं धरलं तर गरज फुगणारच, असं तुम्ही म्हणता. तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. ‘चाचण्यांतून घरातलं काहीच कळत नाही’ हे वाक्य मी उतावळेपणानं लिहिलं. पेडी (PEDI) या रोजच्या कामांच्या चाचणीत मुलाला काय जमतं आणि सांभाळणाऱ्याला किती हात लावावा लागतो, हे वेगवेगळं मोजतात. ते वाक्य काढून टाकलंय.

पण आकडा कशाचा आहे तेही बघायला हवं. जीएमएफसीएस (GMFCS) ही वर्गवारी १९९७ साली आली ती सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांची हालचाल पाच पातळ्यांत मांडायला. पाचव्या, म्हणजे सगळ्यात कमी हालचालीच्या पातळीवरची दोन मुलं घ्या. एकाच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी छिद्र पाडून बसवलेली नळी आहे, दुसऱ्याच्या नाही. पातळी दोघांची एकच. पहिल्याच्या घरी मात्र रात्रभर कोणीतरी सावध असावं लागतं, तेही सक्शन करायला, म्हणजे नळीतला कफ यंत्रानं ओढून काढायला शिकलेलं. वीफिम (WeeFIM) ही मूल रोजच्या कामांत किती स्वावलंबी आहे ते मोजणारी चाचणी. तिच्यात १८ बाबी, प्रत्येकीला १ (पूर्ण मदत लागते) ते ७ (स्वतःचं स्वतः करतं) गुण. सगळीकडे १ पडलेल्या मुलाची रात्रीत किती वेळा कूस बदलावी लागते, हे त्यात कुठं लिहायचं?

आता ‘फुगवून सांगण्या’बद्दल. मला उलटाच अनुभव जास्त आलाय. एक आई म्हणाली, “रात्रीचा काही त्रास नाही हो, छान झोपतो.” मी सहज विचारलं, गजर किती वाजताचा लावता? तिनं मोबाइल पुढं केला. बारा, दोन, चार, सहा. चारही गजरांना नावं दिलेली: उजवी, डावी, उजवी, डावी. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून ती दर दोन तासांनी उठून त्याची कूस बदलत होती आणि तिच्या हिशेबी हा त्रास नव्हताच.

एकदा तर मीच फसले. अहवालात ‘भरवावं लागतं’ एवढं लिहून मोकळी झाले. पुढच्या भेटीत घड्याळ लावून बसले तर वाटीभर पातळ खाणं संपायला पन्नास मिनिटं लागली. दोन घास, मग ठसका. आई थांबायची, मान सरळ करायची, श्वास शांत झाला की पुढचा घास. एका खाण्याला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी, हे मला ठाऊक होतं. माझ्या दोन शब्दांत ते बुडालं. दिवसातून चारदा भरवायचं म्हणजे तीन तासांवर वेळ नुसता त्यातच.

तुमची शंका अगदीच निराधार आहे असंही नाही. नर्सचे तास त्या कागदावर ठरणार हे कळलं की काही घरं सगळ्यात वाईट दिवस लिहून देतात. त्यांच्या जागी मीही दिला असता. म्हणून मी तीन दिवस लिहायला सांगते, साधा दिवस आणि तापाचा किंवा फिट्सचा दिवस वेगळा काढते, आणि एक भेट जेवणाच्या वेळी देते. वीफिमही भरते. दोन्ही जुळत नसतील तर परत जाते. मूल वाढतं हेही धरावं लागतं: बारा किलोचं असताना एकटी उचलायची, तेच तीस किलोचं झालं की दुसरा माणूस नाहीतर उचलायचं यंत्र लागतं. चाचणीतले गुण तेव्हाही तेच असतात.

वहीच्या पानाचा नमुना मागितलात. तीनच रकाने आहेत: किती वाजले, काय केलं, कोणी केलं. तिसरा रकाना पहिल्या दिवशी बहुतेक जणी मोकळाच ठेवतात. विचारलं तर म्हणतात, “मीच की, अजून कोण?”