‘मंडळाची वकिली’ या आक्षेपाबद्दल

सप्रेम नमस्कार.

‘क्रिकेट मंडळाचे नेमके काम काय?’ या माझ्या लेखावर आपण बेळगावजवळच्या खानापूरहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सूर कडक असला तरी आक्षेप मुद्द्याचे आहेत. आपले म्हणणे असे: मी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या स्वायत्ततेची वकिली केली. देशाच्या नावावर हजारो कोटी मिळवणारी ही संस्था खरे तर सरकारने ताब्यात घ्यायला हवी. आणि सीमाभागातल्या मराठी मुलाने बंगळूरच्या, म्हणजे कर्नाटक संघटनेच्या, दाराशी का उभे राहायचे, त्याला पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत का खेळता येऊ नये, हा प्रश्न मी सोयीस्करपणे टाळला.

पहिल्या आक्षेपात माझी चूक आहे. ‘मंडळ खासगी संस्था असल्याने तिने कोणाला उत्तर द्यायचे हा तिचा प्रश्न’ असे वाक्य माझ्या हातून गेले, ते अर्धवट होते. 1928 साली स्थापन झालेले हे मंडळ कागदोपत्री मद्रासमध्ये नोंदवलेली एक सोसायटी आहे, हे खरे. घटनेच्या बाराव्या कलमाच्या अर्थाने ते ‘राज्यसंस्था’, म्हणजे शासनाचा भाग, नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दिला, हेही खरे. मात्र त्याच न्यायालयाने 22 जानेवारी 2015 रोजी स्पष्ट केले की मंडळाचे काम सार्वजनिक स्वरूपाचे असल्यामुळे कलम 226 खाली त्याला उच्च न्यायालयात खेचता येते. देशाचा संघ निवडणारी, आणि कोणी कोणासाठी खेळायचे हे ठरवणारी संस्था खासगी क्लबसारखी वागू शकत नाही. मूळ लेखातले ते वाक्य मी काढून टाकले आहे.

सरकारी ताब्याची सूचना मात्र मला पटत नाही. जुलै 2019 मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने झिंबाब्वेला निलंबित केले. नोव्हेंबर 2023 मध्ये तीच पाळी श्रीलंकेवर आली आणि 19 वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद त्यांच्याकडून निघून दक्षिण आफ्रिकेकडे गेले. म्हणजे मंत्र्यांनी मंडळ हाती घेतले आणि फटका शाळकरी पोरांना बसला. मधला मार्ग आता थोडाफार तयार होतो आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याच्या कक्षेत क्रिकेट येते, कारण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे. खेद एवढाच की माहितीचा अधिकार शासकीय निधी घेणाऱ्या संस्थांपुरता ठेवला गेला. सरकारकडून पैसे न घेणारे मंडळ त्यातून सुटले. विधी आयोगाने 2018 मध्येच मंडळाला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली होती आणि या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

आता पैशाकडे वळतो, कारण आपला राग मुख्यतः तिथे आहे. 2023 ते 2027 या पाच हंगामांच्या आयपीएल प्रक्षेपणहक्कांतून 48,390 कोटी रुपये आले आणि आमच्या मैदानावरची, खेळपट्टीवर अंथरायची मॅट मात्र फाटकीच, असे आपण लिहिता. आकडा बरोबर आहे, पण मॅटपर्यंतचा रस्ता पाहिला पाहिजे. मंडळाचे सदस्य असतात ते राज्य संघटना. बेळगाव स्वतः मंडळाचे सदस्य नाही. ते कर्नाटक राज्य संघटनेच्या धारवाड विभागात मोडते. मंडळाचा पैसा राज्य संघटनेकडे जातो, तिथून विभागाकडे आणि विभागातून जिल्ह्याकडे कसा व किती झिरपतो हे बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. नाही म्हणायला बेळगावात ऑटोनगरचे स्टेडियम उभे राहिले, आणि मे 2019 मध्ये भारत अ आणि श्रीलंका अ यांचा सामना बेळगावकरांनी तिथे पाहिला. पण स्टेडियम असणे आणि मंगळवारी संध्याकाळी पंधरा वर्षांच्या पोराला टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या खऱ्या खेळपट्टीवर, सराव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पुतण्याला घेऊन मी सोळा वर्षांखालील एका निवड चाचणीला गेलो होतो. सूचना आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, तीही तिसऱ्याच कोणाकडून कळली, त्यामुळे पहाटे साडेचारची बस धरली. मैदानावर दीडशेच्या वर मुले होती आणि नेट तीन. त्याची पाळी पावणेदोनला आली. वाट्याला आठ चेंडू आले आणि त्यांतले दोन वाईड होते. पोरगा काथ्याच्या मॅटवर वाढलेला. मॅट ताणून खिळे ठोकले की चेंडू छातीपर्यंत उसळतो आणि मागच्या पायावर खेळायची सवय लागते. तिथल्या टर्फवर तिसराच चेंडू खाली राहिला आणि मधली यष्टी गेली. वही घेऊन बसलेल्या गृहस्थांनी त्याचे आडनाव दोनदा विचारून तिसरेच लिहिले होते, त्यामुळे निवड झाली असती तरी ती कोणाची झाली असती हा प्रश्नच होता.

याचा दोष राष्ट्रीय मंडळाला द्यायचा का? थेट नाही, पण सोडूनही देता येत नाही. मंडळ मनात आणते तेव्हा खालपर्यंत शिस्त लावू शकते. सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय पडताळण्याची पद्धत मंडळाने देशभर लागू केली आणि खोट्या जन्मदाखल्यांचा जुना बाजार बराच आटोक्यात आला. एकट्या राज्य संघटनेने तसे केले असते तर तिचाच संघ शेजाऱ्यांच्या दाढीवाल्या ‘मुलांकडून’ हरला असता. राष्ट्रीय मंडळ लागते ते अशा कामासाठी. चाचणीची तारीख किती दिवस आधी जाहीर करावी, एका मुलाला किमान किती चेंडू मिळावेत, जिल्ह्याला किती पैसे गेले हे कुठे प्रसिद्ध करावे, या अटी अनुदानाला जोडणे मंडळाला अशक्य नाही. माझी तक्रार मंडळाच्या अधिकारांबद्दल नाही. ते इथे वापरले जात नाहीत याबद्दल आहे.

सीमाप्रश्न मी टाळला, हे कबूल. महाराष्ट्रातल्या शिनोळीचा मुलगा आणि कर्नाटकातल्या उचगावचा मुलगा बेळगावात एकाच नेटमध्ये गोलंदाजी करतात, एकाच हातगाडीवर चहा पितात. चंदगड तालुक्यातला म्हणून एकाचा रस्ता कोल्हापूरमार्गे पुण्याला जातो आणि दुसऱ्याचा धारवाडमार्गे बंगळूरला. हे खटकते, मलाही. तरीही क्रिकेटचा नकाशा भाषेवरून काढा, ही मागणी टिकणार नाही, कारण तो तसा कधीच नव्हता. एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. मंडळाच्या सुधारणांसाठी न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या ‘एक राज्य, एक मत’ या शिफारशीला मुरड घालून 2018 मध्ये न्यायालयाने ती ऐतिहासिक सदस्यत्वे कायम ठेवली. वैदर्भीय मराठी मुलगा पुण्याकडून खेळत नाही म्हणून त्याचे काही अडले नाही. नागपूरच्या संघटनेने स्वतःची अकादमी उभी केली आणि 2017-18, 2018-19 व 2024-25 अशी तीनदा रणजी करंडकावर नाव कोरले. मराठी घरातला बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडूनच रणजी खेळला. पुण्याशी जोडल्याने आपल्या मुलाचे प्रवासाचे काही तास वाचतीलही, पण आठ चेंडूंचे दहा होतील याची हमी मला कोणी दिलेली नाही.

आपण जोडलेल्या निवेदनाच्या मसुद्यावर मी सही करावी, असे सुचवले आहे. पहिले कलम बेळगाव पुण्याला जोडण्याचे आहे, त्यावर मी सही करणार नाही. त्याऐवजी निवड चाचणीची पहिली फेरी बेळगावातच टर्फवर व्हावी, आणि तिची सूचना पंधरा दिवस आधी कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत निघावी, हे कलम पहिले घातलेत, तर कागद घेऊन या. रविवारी सकाळी सात ते दहा मी लेले मैदानावर असतो.