नफा वहीत दिसतो, रोकड खात्यात लागते
महावितरण या वीज वितरण कंपनीच्या ताळेबंदावरचा एक लेख वाचला. त्यात नफा-तोटा भरपूर आलाय, हातातल्या रोकडीवर मात्र एकच ओळ. मला तीच महत्त्वाची वाटते. वीज विकली की उत्पन्न वहीत चढतं, पैसे येतात ते ग्राहकाने बिल भरल्यावर. कृषिपंपांची थकबाकी वर्षानुवर्षं ‘येणे’ म्हणून दिसत राहते. तिकडे वीज तयार करणाऱ्या महानिर्मिती कंपनीला महावितरणने विजेचे पैसे द्यावेच लागतात, कारण तिला कोळसा विकत घ्यायचा असतो. मधली तूट कर्जाने भरायची, आणि व्याज शेवटी वीजदरात! आमच्या विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटर आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, त्यामुळे बिलाचा कागद आला की आईच्या छातीत धस्स होत नाही. याचं मोल मी जाणतो. पण ते अनुदान कंपनीच्या खात्यात नेमकं कोणत्या तारखेला जमा होतं, ते दर तिमाहीला जाहीर करा.