घडीचं फावडं विकणाऱ्यांनो, आधी काळ्या रानात या

'मिलिटरी ग्रेड' हे दोन शब्द यापुढं माझ्यासमोर कुणी उच्चारले, तर त्याचा हात धरून मी त्याला गंगाखेडकडच्या काळ्या रानात नेणार आहे. तेही भादव्यात, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर. तिथं त्याच्या हातात त्याचंच फावडं देणार आणि सांगणार, आता खण.

महालक्ष्म्यांचं जेवण करून मामाच्या गावाहून परत निघालो होतो. आई मागच्या सीटवर, गुडघ्यांनी आधीच बेजार. डांबरी रस्ता जेमतेम अर्धा किलोमीटर राहिला होता. पाणंदीत ट्रॅक्टरनं दोन्हीकडं खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधे मातीचा वरंबा. ट्रॅक्टर त्यावरून आरामात जातो, त्याचं पोट उंच असतं. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. चाकं चाकोरीत उतरली आणि मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला तो लोखंडी गोळा, वरंब्यावर टेकलं. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, टाकला, पण चाकांवर वजनच नाही तर ती पकडणार काय? जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली.

मी घाबरलो नाही. माझ्याकडं फावडं होतं ना! संभाजीनगरच्या एका दुकानातून अडीच हजार देऊन आणलेलं, घडीचं. मुठीत होकायंत्र, पात्याच्या एका कडेला करवत, वर काळी पिशवी. दुकानदार म्हणाला होता, "सर, गाडीसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही." मी विश्वास ठेवला. जो माणूस दिवसभर फोर बाय फोरचं सामान विकतो, त्याला एवढं कळत असेल, असं मला वाटलं.

पहिल्यांदा पायानं दाबलं, तर पातं मिटलं. घडी घट्ट धरणारी जी चुडी असते, तिच्या आट्यांत चिखल गेला आणि ती पुढं फिरेचना. बाटलीतल्या पाण्यानं धुतली, आवळली, परत दाबलं, परत मिटलं. तिसऱ्या वेळी माझं बोट मधे सापडलं. पातं जेवढी माती उचलायचं, तेवढी सगळी त्यालाच चिकटून राहायची. झटकली तरी पडत नाही, करवतीच्या दातांत तर लिंपूनच बसते. दोन खेपांनंतर ते फावडं राहिलंच नाही, काठीला लावलेला मातीचा गोळा झाला.

आमची माती वाळू नाही हो! हे या लोकांना कधी कळणार? त्यांच्या सगळ्या व्हिडिओंत कुठं भुसभुशीत वाळू, कुठं बर्फ. पातं घातलं की भस्सकन आत, उचललं की भुरभुर खाली. आमच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. ते आपल्या थरांच्या आत पाणी ओढून घेतं आणि फुगतं. उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की जमीन अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. ही माती ओली असताना उकरायची नसते, कापायची असते. धारदार, निमुळत्या, गुळगुळीत पात्यानं, खरवसाच्या वड्या पाडाव्यात तशी. पातं जितकं रुंद तितका चिखल जास्त चिकटणार आणि तितकी तुमची कंबर जाणार.

आणि लांबी! साधा हिशेब आहे, तो करायला इंजिनिअर लागत नाही. गाडी रुंदीला सहा फुटांच्या आसपास. म्हणजे बाजूनं हात घातला तर मधला भाग तीन फूट आत. माझं फावडं उघडल्यावर पावणेदोन फुटांचं. अडकलेल्या जागेपर्यंत ते पोचणारच कसं? पोचवायचं तर चिखलात आडवं पडून खांद्यापर्यंत गाडीखाली जायचं, आणि ती गाडी कधी खचेल याचा भरवसा नाही. मी तेही केलं. आई वरून ओरडत होती, "निघ बाहेर, मला नको घरी जायचं." तो तिचा आवाज आठवला की आजही त्या दुकानदाराचा संताप येतो.

बरं, मिलिटरीचंच बोलायचं तर नीट बोलू. अमेरिकी सैन्यानं १९४३ साली घडीचं फावडं दिलं ते पायदळाच्या शिपायाला. पाठीवर ओझं कमी व्हावं, आणि गोळ्या सुरू असताना वाकून, झोपून स्वतःपुरता खड्डा खणता यावा म्हणून. त्याच महायुद्धातल्या विलीज जीपला काय होतं? डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेरून पट्ट्यांनी बांधलेली कुऱ्हाड आणि सलग दांड्याचं फावडं. घडीचं नव्हे! ज्या सैन्याच्या नावानं हे विकता, त्याच सैन्याला शिपायाचं औजार वेगळं आणि गाडीचं वेगळं हे कळत होतं. तुम्ही शिपायाचं उचलून गाडीवाल्याच्या गळ्यात मारलंत आणि वर होकायंत्र बसवलंत. मला उत्तर दिशा नको होती, मला डिफरन्शियलखालची माती काढायची होती!

दोन तासांनी शेजारच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, एक म्हातारे मामा आले. माझ्या हातातलं बघून म्हणाले, "काय करायलास रं बाबू त्या पळीनं? ठिव ते तिकडं." परत जाऊन त्यांनी सब्बल, खोरं आणि विहिरीच्या कामावरचा एक जुना बेलचा आणला. बेलच्याचा दांडा त्यांच्या छातीला लागत होता, पातं घासून घासून अर्धं झालेलं आणि आरशासारखं चकचकीत. डबक्यात बुडवायचे, सरळ गाडीखाली सरकवायचे, वरंब्याची एक चकती कापून बाहेर ओढायचे. पुन्हा बुडवायचे, म्हणजे माती चिकटत नाही. खोऱ्यानं मला चाकांपुढं उतार करायला लावला. गाडीखाली खोरं चालत नाही, त्याचं पातं आपल्याकडं वळलेलं असतं, वीतभर जागेत ते फिरत नाही. पण चाकापुढची माती ओढायला त्याच्यासारखं काही नाही. एक दगड लागला तो सब्बलनं उलथला. मग आखाड्यावरच्या तुराट्या आणून चाकांखाली घातल्या. मी बाभळीच्या फांद्या तोडायला निघालो तर ओरडले, काटे टायरात जातील म्हणून. अर्ध्या तासात गाडी बाहेर! पैसे घ्यायला मामा तयार नव्हते. आईनं डब्यातल्या पुरणपोळ्या दिल्या, त्या घेतल्या.

अर्धा तास! आणि त्याआधी साठी उलटलेली बाई दोन तास घोटाभर चिखलात उभी, एक चप्पल कायमची मातीत गेलेली. कशापायी? तर एका माणसाला अडीच हजारांचं खेळणं खपवायचं होतं म्हणून.

दुसऱ्याच आठवड्यात परभणीच्या मोंढ्यात गेलो. निमुळत्या पात्याचा बेलचा घेतला, लोहाराकडून त्याला चार फुटांचा बाभळीचा दांडा बसवून घेतला, समोर उभं राहून नेढ्यात पाचर मारून घेतली. खोरं आणि सब्बलही घेतली. हे सगळं मिळून त्या घडीच्या फावड्याच्या निम्म्यातही गेलं नाही. डिकीत मावत नाही हे खरं. म्हणून वर कॅरिअरला बांधलंय, आणि तिथंच राहील. "गाडीवर हे काय गवंड्यासारखं?" असं विचारणारे भेटतात. त्यांना मी एकच विचारतो, तुमच्या गाडीत काय आहे? बहुतेकांकडं तीच काळी पिशवी निघते! मग मी त्यांना तिथंच ती उघडायला लावतो, पात्यावर पाय देऊन उभं राहायला सांगतो, आणि टेप धरून गाडीच्या कडेपासून मधल्या गोळ्यापर्यंतचं अंतर मोजून दाखवतो.

फावडं परत करायला दुकानात गेलो होतो. "वापरलेला माल परत होत नाही सर," म्हणाला. मी म्हटलं, वापरता आलंच नाही, म्हणून तर आणलंय. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, नवीकोरी गाडी घेतलेला पोरगा, नांदेडचा. माझ्या डोळ्यांदेखत दुकानदारानं त्याच्यापुढं तसलीच पिशवी ठेवली आणि तोंड उघडलं, "सर, मिलिटरी ग्रेड." मी त्या पोराला बाहेर नेलं आणि माझ्या गाडीवरचा बेलचा सोडून त्याच्या हातात दिला.