त्या प्रश्नाने डोक्यात काही भरत नाही

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मानसोपचारवाल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, पेशंटला आत्महत्येचं विचारू नका. विचारलं की तेच डोक्यात बसतं.’ हे चूक आहे. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. मनात आधीच असेल तर बोलून बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

पेशंट आल्या आल्या आम्ही मानसोपचारवाले हा प्रश्न टाकत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस असेल तर आधी झोप, जेवण, कामात लक्ष लागतं का ते. मग ‘जगणं नकोसं वाटतं का?’ हो म्हणाला, की सरळ: ‘जीव द्यावा असं मनात येतं? कसा, ते ठरवलंय?’ आडवळणाने विचारलं की उत्तरही आडवळणाचंच येतं.

थोडा वेळ नातेवाइकांना बाहेर बसवतो, त्याचा राग मानू नका. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीबरोबर शाळकरी नातीला दुभाषी म्हणून तर मुळीच पाठवू नका. आजी तिच्यासमोर ‘सगळं बरंय’ एवढंच म्हणणार.

रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६. तिथेही हा प्रश्न विचारू शकतात.