चौदावा दिवस पुढून मोजायचा की मागून?

मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरत असलेल्या एका संदेशाचा आशय असा आहे: स्त्रीचे मासिक चक्र २८ दिवसांचे असते, पाळीनंतर चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते, म्हणून पाळी संपल्यानंतरचा एक आठवडा आणि पुढच्या पाळीपूर्वीचा एक आठवडा हा ‘सुरक्षित काळ’ होय, मूल हवे असेल तर नेमका चौदावा दिवस साधावा, आणि पाळी दर महिन्याला येत असेल तर बीजमोचन (स्त्रीबीज बाहेर पडणे) होतच आहे, असे समजावे. संदेश छोटा आहे, पाठ करायला सोपा आहे आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे. धादांत खोटे असते तर ते केव्हाच मागे पडले असते.

पहिले विधान चौदाव्या दिवसाचे. हा आकडा कोणाच्या कल्पनेतून आलेला नाही. जपानमधील स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियातील स्त्रीरोगतज्ज्ञ हेरमान क्नाउस यांनी १९२८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बीजमोचनाचा काळ शोधला. ओगिनो यांच्या मते ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होते, तर क्नाउस यांच्या मते सुमारे १४ दिवस आधी. दोघांचीही मोजणी येणाऱ्या पाळीपासून मागे जाणारी होती. संदेशाने ती उलटवून झालेल्या पाळीपासून पुढे नेली आणि पुढची बहुतेक सगळी गफलत या एका उलटापालटीतून झाली आहे.

मागून मोजण्याला शरीरातच कारण आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोषात मागे उरलेल्या पुटकाचा (ज्या पिशवीत बीज वाढले तिचा) पीतपिंड बनतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करू लागतो. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड आक्रसतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि गर्भाशयाचे अस्तर सुटून पाळी येते. म्हणजे चक्राच्या उत्तरार्धाला मुदत आहे. पूर्वार्धाला तशी मुदत नाही; आजारपण, झपाट्याने घटलेले वजन किंवा मोठा ताण यांमुळे बीज पक्व होण्याचे काम लांबू शकते. ‘यंदा पाळी लांबली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा बीजमोचन लांबलेले असते आणि पाळी त्याच्या मागोमाग आपल्या वेळेवर आलेली असते. सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी २९.३ दिवस भरली; बीजमोचनापूर्वीचा भाग १६.९ दिवसांचा आणि नंतरचा १२.४ दिवसांचा होता.

समजा, एखाद्या स्त्रीच्या वहीत लागोपाठच्या पाच चक्रांची लांबी २६, ३१, २९, ३४ आणि २७ दिवस अशी आहे. प्रौढ स्त्रीचे २४ ते ३८ दिवसांचे चक्र सामान्य मानले जाते, त्यामुळे हिची पाळी अनियमित आहे असे कोणी म्हणणार नाही. उत्तरार्ध १३ दिवसांचा धरला, तर तिचे बीजमोचन अनुक्रमे १३, १८, १६, २१ आणि १४ व्या दिवशी झाले असेल. पाच महिन्यांत संदेश एकदाच बरोबर ठरला, आणि तो कोणत्या महिन्यात ठरणार हे तिला आधी कळण्याचा काहीही मार्ग नव्हता.

त्यातच ‘पाळीनंतर’ हा शब्द घोटाळ्याचा आहे. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. आदल्या दिवशी दिसलेला डाग त्यात धरत नाहीत. पाळी थांबल्यावर मोजायला सुरुवात करणाऱ्यांचा हिशेब तिथेच चार-पाच दिवसांनी चुकतो.

दुसरे विधान सुरक्षित काळाचे, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. बाहेर पडलेले स्त्रीबीज १२ ते २४ तासच फलनक्षम राहते, पण शुक्रजंतू अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या २६ दिवसांच्या चक्रात आठव्या दिवसापासूनच गर्भधारणा शक्य होती, म्हणजे पाळी संपून दोन-तीन दिवस झाले असतील तेव्हाच. चक्र २४ दिवसांचे असेल आणि रक्तस्राव सहा दिवस चालत असेल, तर शेवटच्या दिवशीच्या संबंधातूनही दिवस जाऊ शकतात. अमेरिकी संशोधक विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून दाखवले की, सहाव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कोणत्याही दिवशी स्त्री फलनक्षम काळात असण्याची शक्यता किमान १० टक्के असते, आणि ज्यांचा हा काळ पूर्णपणे १० ते १७ या दिवसांत बसतो अशा स्त्रिया साधारण ३० टक्केच आहेत.

पाळीपूर्वीच्या आठवड्याबद्दल संदेशाला थोडे श्रेय द्यायला हवे: बीजमोचन होऊन गेल्यावर गर्भधारणेची शक्यता खरोखरच उरत नाही. मात्र ‘पाळीपूर्वीचा आठवडा’ कोणता होता, हे पाळी आल्यावरच समजते. दिनदर्शिकेवर बेतलेल्या ज्या पद्धतीची शास्त्रीय चाचणी झाली आहे, ती फक्त २६ ते ३२ दिवसांचे चक्र असणाऱ्यांसाठी आहे आणि तीही ८ ते १९ असे तब्बल बारा दिवस वर्ज्य मानते. एवढे कसोशीने पाळूनही वर्षभरात शंभरातल्या सुमारे पाच जणींना दिवस जातात.

तिसरे विधान मूल हवे असणाऱ्यांसाठी आहे आणि ते त्यांना उशिरा पोहोचवते. विल्कॉक्स यांच्याच १९९५ च्या अभ्यासात जवळजवळ सर्व गर्भधारणा बीजमोचनाच्या दिवशी संपणाऱ्या सहा दिवसांतील संबंधांतून झाल्या; दुसऱ्या दिवशी संधी संपलेली होती. एका तारखेवर डोळा ठेवण्यापेक्षा त्या सुमारास एक-दोन दिवसांआड संबंध ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. (दिवस निवडून मुलगा की मुलगी हे ठरवता येते, ही समजूतही याच अभ्यासात टिकली नाही.)

शेवटचे विधान नियमित पाळी म्हणजे बीजमोचन, असे. बीज न सुटताही अस्तर झडून रक्तस्राव होऊ शकतो. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे, रजोनिवृत्तीच्या आधीची वर्षे आणि पीसीओएस (बीजकोषांशी संबंधित एक संप्रेरक-विकार) यांत हे पुष्कळदा घडते. संयुक्त (दोन संप्रेरकांच्या) गर्भनिरोधक गोळ्या घेताना येणारी ‘पाळी’ तर बीजमोचनाशिवायचीच असते. याच्या उलट, बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकते.

शरीर स्वतः काही खुणा देते, पण त्यांचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. आधी योनीतला स्राव बदलतो: अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे दूर केली, तर अंड्यातील कच्च्या पांढऱ्यासारखी पारदर्शक तार न तुटता ताणली जाते. ‘अंगावरून जाते’ म्हणून अनेकजणी यालाच आजार समजतात. मग बीजमोचन ओळखण्यासाठी लघवीत बुडवायच्या पट्टीवरची चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद होते. याचा अर्थ एलएच (बीज सुटण्याची सूचना देणारे संप्रेरक) वाढले आहे आणि बीज बहुधा येत्या २४ ते ३६ तासांत सुटेल; ते सुटले, असा याचा अर्थ नव्हे. पीसीओएसमध्ये ही रेघ वारंवार गडद दिसून फसवू शकते. सकाळी उठण्याआधी घेतलेले तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते ते बीजमोचन झाल्यावर, म्हणजे ती झालेल्या गोष्टीची नोंद असते.

चौदाव्या दिवसाची सवय तपासणीच्या चिठ्ठीपर्यंतही पोहोचते. बीजमोचन झाले का, हे पाहण्यासाठी रक्तातील प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ तपासण्याचा प्रघात आहे, आणि २८ दिवसांच्या चक्रात तो योग्यच आहे. पण ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे बीजमोचन त्याच सुमारास होत असते. त्या दिवशी अहवालात आकडा कमी येतो आणि ‘बीज फुटत नाही’ असा शेरा तिच्या कपाळी येतो. अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, रक्त दिले असते तर त्याच चक्रात, त्याच स्त्रीचा अहवाल वेगळा आला असता.