पीसीडी जुळला म्हणजे व्हील बसलं असं नाही: जीआर86 च्या ‘पहिल्या महिन्यातल्या मॉडिफिकेशन’ सल्ल्याचा प्रतिवाद

टोयोटा जीआर86 आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांच्या नव्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा गोषवारा असा: ‘कंपनीची बारकी व्हील्स काढा, 19 इंची, साडेनऊ रुंदीची लावा. 5×100 पीसीडी जुळला की कुठलंही व्हील बसतं. लोअरिंग स्प्रिंग टाका, गाडी जितकी खाली तितकी वळणात चिकटते. शेवटी एक अलाइनमेंट मारा. थोडे आवाज येतात, ते येणारच. वॉरंटीची चिंता नको, कायदा आपल्या बाजूने आहे.’

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे हा सल्ला थेट लागू पडतो तो अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या मराठी मालकांना. पण फोक्सवॅगन पोलो आणि व्हर्टसचा पीसीडीही 5×100 च आहे आणि पुण्या-नाशकात त्यांच्या मालकांना हेच ऐकवलं जातं. म्हणून एकेक दावा घेऊन बघू.

‘5×100 जुळला की कुठलंही व्हील बसतं’

पीसीडी सांगतो फक्त पाच भोकं कुठल्या वर्तुळावर आहेत ते; 5×100 म्हणजे 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच भोकं. व्हीलचं मधलं भोक, ऑफसेट (व्हीलच्या रुंदीच्या मध्यापासून त्याचा गाडीला टेकणारा पृष्ठभाग किती मिमी बाहेर आहे ते), नटाच्या बैठकीचा आकार आणि स्टडचे (नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांचे) आटे या चार गोष्टी त्यात येत नाहीत, आणि घोटाळा होतो तो यांच्यातच.

जीआर86 च्या हबचा, म्हणजे व्हील ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास 56.1 मिमी. जुन्या कोरोलाची 5×100 व्हील्स ‘टोयोटाचीच आहेत’ म्हणून स्वस्तात मिळतात, पण त्यांचं मधलं भोक 54.1 मिमी. हब आत जातच नाही, व्हील त्याच्या कडेवर अडकून राहतं. नट आवळायच्या यंत्राने, म्हणजे गनने, नट आवळले की वरवर बसल्यासारखं दिसतं, पण मागचा पृष्ठभाग हबला टेकलेलाच नसतो. फोक्सवॅगनच्या व्हीलचं भोक 57.1 मिमी, म्हणजे ते सहज जातं, पण एक मिलिमीटर खेळ उरतो. 57.1 ते 56.1 ची रिंग घातली नाही तर व्हील केंद्रापासून किंचित सरकून बसू शकतं आणि ताशी 90 ते 110 किमीच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. मग चार वेळा बॅलन्सिंग होतं आणि चारही वेळा मशीन शून्य दाखवतं, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर व्हील स्वतःच्या मधल्या भोकावर शंकूने केंद्रित केलेलं असतं. दोष मशीनवर दिसणारच नाही, तो गाडीवर आहे.

इथे उलट बाजूचा गैरसमजही खोडायला हवा. ही रिंग गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलतं ते नटांच्या दाबाने व्हील आणि हब यांच्यात निर्माण होणारं घर्षण. रिंगचं काम बसवताना केंद्र धरणं एवढंच. रस्त्यावर प्लास्टिकची रिंग चालते. ट्रॅकवर ब्रेक तापले की ती मऊ पडते, तिथे अॅल्युमिनियमची घ्यावी.

फोक्सवॅगनच्या मूळ व्हीलवर बोल्टची बैठक गोलाकार असते, तर बाजारात मिळणारे बहुतेक नट 60 अंशांच्या शंकूचे. शंकू गोल बैठकीत फक्त एका रेषेवर टेकतो, टॉर्क रेंच टक्क वाजतो आणि थोडं चालवल्यावर नट सैल होऊ शकतो.

आणि आटे. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचे नट एम12 × 1.5 असतात. जीआर86 सुबारूच्या कारखान्यात बनते आणि तिचे स्टड एम12 × 1.25 आहेत. चुकीचा नट हाताने एक-दोन फेरे जातो, मग अडतो. गनला मात्र तो अडल्याचं कळत नाही आणि स्टडचे आटे जातात. नट किमान पाच-सहा फेरे हाताने गेला पाहिजे, त्याआधी कुठलंही हत्यार लावू नये. मग ताऱ्याच्या क्रमाने 40, 80 आणि शेवटी 120 न्यूटन-मीटर. आट्यांना तेल किंवा ग्रीस नाही, कारण घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. 80 ते 100 किमी चालवून, व्हील थंड असताना पुन्हा तपासायचं.

‘साडेनऊची रुंदी सहज मावते, नाही मावली तर स्पेसर आहे’

मावते की नाही हे सांगण्यापेक्षा मोजता येतं. मूळ व्हील 7.5 इंच रुंद, ऑफसेट +48. 7.5 इंच म्हणजे 190.5 मिमी, त्याचे निम्मे 95.25. हबच्या पृष्ठभागापासून आतली कड 95.25 अधिक 48, म्हणजे 143.25 मिमीवर. बाहेरची कड 95.25 वजा 48, म्हणजे 47.25 वर.

आता 9.5 इंच, +40 घ्या. निम्मी रुंदी 120.65. आतली कड 160.65 वर, बाहेरची 80.65 वर. म्हणजे व्हील आत शॉकअपकडे सुमारे 17 मिमी सरकलं आणि बाहेर फेंडरकडे 33 मिमी. याच हिशोबात 8.5 इंच, +45 बसवलं तर आत 10 आणि बाहेर 16 मिमी. पहिल्या प्रकारात पुढच्या चाकाला ठरवून निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकवणं) द्यावा लागेल, फेंडरची आतली कड वळवावी लागेल, बहुधा लायनरही (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) कापावा लागेल. दुसरा प्रकार रस्त्याच्या गाडीला सहसा विनातक्रार चालतो.

स्पेसर, म्हणजे हब आणि व्हील यांच्यामधली चकती, लावला की आतली अडचण बाहेर ढकलली जाते, संपत नाही. शिवाय मूळ स्टडवर नुसता सरकवलेला स्पेसर जेवढा जाड, तेवढे नटाचे आटे कमी. नियम सोपा आहे: पकड किमान स्टडच्या व्यासाएवढी हवी. 12 मिमी म्हणजे 1.25 च्या आट्यावर जवळजवळ दहा पूर्ण फेरे. आठच फेरे मिळत असतील तर लांब स्टड घाला किंवा स्पेसर विसरा.

ऑफसेट कमी झाल्याचा एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही, हातांना कळतो. चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून बाहेर सरकतो. +48 चा +35 झाला तर तब्बल 13 मिमी. मग गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्या धरून धावते आणि एका बाजूच्या चाकाखाली पाणी किंवा वाळू असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंगला झटका बसतो. ‘नवीन टायर आहेत म्हणून’ असं म्हणून हे वर्षभर सहन करणारे पुष्कळ.

बसवल्यावर घासतंय का हे बघायला महागडं साधन लागत नाही. कणकेच्या गोळ्या करून शॉकअपच्या नळीवर आणि फेंडरच्या आतल्या कडेला चिकटवा, एक चाक रॅम्पवर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, खाली उतरून उरलेली जाडी मोजा. शॉकअपकडे चार-पाच मिमीपेक्षा कमी उरत असेल तर वळणात टायर वाकल्यावर तेही उरणार नाहीत.

‘19 इंची म्हणजे जास्त ग्रिप’

ग्रिप रबराची असते, रिमच्या व्यासाची नाही. अमेरिकेत या गाडीच्या साध्या आवृत्तीवर मिशेलिनचे प्रायमसी आणि वरच्या आवृत्तीवर पायलट स्पोर्ट 4 आले. त्यांतला फरक कुणालाही पहिल्या वळणात जाणवतो, आणि तो 17 आणि 18 इंचांमुळे नाही. त्याच 7.5 इंची रिमवर चांगले समर टायर चढवणं हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे.

235/35 आर19 चा व्यास 647 मिमी भरतो, मूळ 215/40 आर18 चा 629. फरक 2.8 टक्के. मॅन्युअल गाडीचं 4.1 चं फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गिअर प्रमाण) जणू 3.99 झालं, म्हणजे पिकअप कमी, आणि स्पीडोमीटरचा काटा तेवढाच मागे. वर व्हीलचं वजन वाढलं ते स्प्रिंगच्या खालचं वजन, जे खड्ड्यावर शॉकअपला आवरावं लागतं.

‘जितकी खाली तितकी चांगली’

या दाव्यात थोडं तथ्य आहे म्हणून तो टिकून आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणात वजनाची सरकासरक कमी होते, हे खरं. पण जीआर86 ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला वरून शॉकअपच धरतो अशी रचना) आहे, आणि त्याची भूमिती फार खाली आणलेली खपवून घेत नाही. गाडी बसली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जातं. त्यामुळे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलंडते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो आणि गाडीला कलंडवणारी तरफ लांब होते. गाडी कमी कलंडताना दिसते ती स्प्रिंग कडक आहे म्हणून, भूमिती सुधारली म्हणून नव्हे. शिवाय टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरू लागतात, त्यामुळे नुसत्या उंचवट्यावरही टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय ते) बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर नाक हलवते.

मग उरते शॉकअपची चाल. 30 मिमी खाली आणलं म्हणजे दबण्याची 30 मिमी चाल खर्च झाली. वळणाच्या मध्यात चाक बंप स्टॉपवर (चाल संपताना अडवणाऱ्या रबरावर) टेकलं की स्प्रिंगचा कडकपणा एकदम वाढतो आणि त्या टोकाची ग्रिप सुटते. शोधायची रीत: शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर करून प्लास्टिकची केबल टाय आवळा, नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा, टाय कुठवर ढकलली गेली ते पाहा. ती रोजच बंप स्टॉपपर्यंत जात असेल तर गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालते आहे. बंप स्टॉप काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे, त्याने शॉकअप आतून फुटतो.

कंपनीचेच शॉकअप ठेवून स्प्रिंग 40 टक्के कडक घातली तर तिला आवरायला साधारण 18 टक्के जास्त डॅम्पिंग लागतं, कारण गरज कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. ते मिळत नाही म्हणून महामार्गाच्या सांध्यांवर गाडी उड्या मारते. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) घेतले तर उंची शक्यतो खालची नळी फिरवून बदलावी. स्प्रिंगची कॉलर खाली घेऊन गाडी बसवली की चाल जाते आणि पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग सैल खुळखुळते. रस्त्यासाठी 15 ते 20 मिमीचा उतार पुरे. त्याखाली जायचं तर रोल सेंटर सुधारणारे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं यांचा खर्च आधी धरा.

महाराष्ट्रात गाडी खाली आणणाऱ्यांचा पहिला प्रश्न स्पीडब्रेकरचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल हंप 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा. 2651 मिमी व्हीलबेसच्या व्हर्टसला तो सावकाश ओलांडायला पोटाखाली फक्त 52 मिमी लागतात. पोट घासतं ते मानकात न बसणाऱ्या, अर्ध्या मीटर रुंदीच्या डांबरी वरंब्यांवर, आणि त्यांची संख्या जास्त असल्याने हिशोब त्यांच्यासाठीच करावा लागतो.

‘शेवटी एक अलाइनमेंट मारली की झालं’

अलाइनमेंट लागतेच, पण मशीनवर जाण्याआधी एक काम असतं आणि तेच राहून जातं. आर्मच्या रबरी बुशची आतली नळी रबराला जोडलेली असते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना तिचे बोल्ट आवळले तर जमिनीवर उतरताक्षणी सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत येतात. गाडी हवी तेवढी बसत नाही, करकरते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून ते बोल्ट सैल ठेवून, हबखाली जॅक देऊन चाक चालण्याच्या उंचीवर आणायचं आणि मगच टॉर्क द्यायचा. लिफ्टवरून उतरवल्या उतरवल्या थेट अलाइनमेंट केली तर मोजलं जातं ते पिळलेल्या बुशचं माप. नव्या स्प्रिंगही 300 ते 500 किमीत थोड्या बसतात, त्यामुळे त्यानंतर एकदा पुन्हा.

दुसरी अडचण अशी की मशीनवाल्याला हवा तो आकडा देण्याची सोयच या गाडीत नाही. पुढे कंपनीकडून टो जुळवता येतो, कॅम्बर नाही. मागेही टोच. खाली आणल्यावर मागच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर आपोआप वाढतो, पुढच्यांना फारसा नाही, आणि गाडी पुढून सरकणारी होते, म्हणजे जे हवं होतं त्याच्या बरोबर उलट. पुढे कॅम्बर बोल्टने साधारण एक अंश मिळतो, मागे आखूड-लांब होणारे लोअर आर्म लागतात. क्रमही महत्त्वाचा: आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर बदलला की टो हलतो. रस्त्यासाठी पुढे उणे 1.2 ते 1.5 अंश आणि शून्य टो, मागे जवळपास तेवढाच कॅम्बर आणि दोन्ही चाकं मिळून 2 मिमी टो-इन ठेवावं.

टायर आतून खाल्ले की खापर कॅम्बरवर फुटतं, पण बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो. 630 मिमीच्या चाकाला 2 मिमी चुकीचा टो म्हणजे दर किलोमीटरला ते चाक तीन मीटरहून जास्त आडवं घासतं.

स्टिअरिंग तिरकं राहिलं किंवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा लागला तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य पुन्हा नोंदवावं लागतं. टायरच्या हवेचे सेन्सर नव्या व्हीलमध्ये घातले तर त्यांचे क्रमांकही.

‘आवाज येणारच’

येत नाहीत. प्रत्येक आवाजाला कारण आहे. स्टिअरिंग फिरवताना टण् वाजलं तर पुढच्या स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलेलं नाही किंवा वरचं बेअरिंग उलटं लागलंय. लहान खड्ड्यांवर खटखट झाली तर वरचा मधला नट सैल आहे. तो नट गनने आवळला असेल तर दांडा फिरून सील गेलं असण्याची शक्यता जास्त, तिथे दांडा धरून हातानेच आवळायचं असतं. एका बाजूच्या वळणात धडधड झाली तर अँटी-रोल बारच्या (कलंडणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक खाली आणलेल्या उंचीला लांब पडल्या आहेत. आणि पूर्ण स्टिअरिंगला एबीएसचा दिवा लागत असेल तर सेन्सरची वायर कंसात परत अडकवायची राहिली, टायर तिला घासतोय. हे लगेच बघा, शेजारीच ब्रेकचा होज असतो.

‘वॉरंटीला कुणी हात लावू शकत नाही’

अमेरिकेतला 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा एवढंच म्हणतो की बाहेरचा पार्ट लावला या एका कारणावरून कंपनीला सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर दावा नाकारता येतो. कमी ऑफसेटच्या व्हीलनंतर वाजलेलं व्हील बेअरिंग किंवा लोअरिंगनंतर गळलेला शॉकअप नेमका या दुसऱ्या खणात पडतो. इंजिनच्या तक्रारीशी मात्र स्प्रिंगचा संबंध जोडू दिला जाऊ नये. विमा कंपनीला बदल लेखी कळवणं ही वेगळी बाब.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ स्प्रिंग, शॉकअप, नट आणि चारही व्हील्स विकू नका. पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या अशा चिठ्ठ्या लावून ठेवा, सोबत बदलाआधीच्या अलाइनमेंटचा कागदही.