'पोपटासारखी' हा शब्द मला मान्य नाही

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून सकाळवर टाकलं. राग सकाळीही पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विजेचा प्रवाह घटाच्या धन अग्रातून निघतो आणि बाहेरच्या तारेतून ऋण अग्राकडे जातो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर या वाचकांनी लिहिलंय : "ताई, इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात हे आता शाळेतलं पोरही सांगेल. फ्रँकलिनची चूक तुम्ही पोपटासारखी पुढे चालवताय." (फ्रँकलिन म्हणजे विजेच्या प्रभारांना धन आणि ऋण ही नावं देणारा अठराव्या शतकातला अमेरिकन संशोधक.) पुढे आणखी तीन मुद्दे आहेत. फ्रँकलिन आणि इलेक्ट्रॉनचा शोध यांच्यात मी शंभर वर्षांचं अंतर लिहिलं ते चुकलंय; एसीला, म्हणजे आलटूनपालटून दिशा बदलणाऱ्या घरातल्या विजेला, दिशाच नसते, मग लेखाला अर्थ काय; आणि मुलांना पहिल्यापासून इलेक्ट्रॉनचीच दिशा शिकवली तर सगळा घोळ मिटेल.

शंभर वर्षांबद्दल आपलं बरोबर आहे. फ्रँकलिनने धन आणि ऋण ही नावं १७४७ मध्ये वापरली, जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला १८९७ मध्ये. मधली वर्षं दीडशे होतात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता पोपट. 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच वाक्यात पोपट म्हणायचं, ही बोलायची कुठली रीत? मतभेद असू द्या, पण समोरच्याने न समजता पाठ केलंय असं गृहीत धरण्याआधी निदान एक प्रश्न तरी विचारायचा. मी सव्वीस वर्षं विद्युत प्रयोगशाळेत शिकवलं आहे. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे मला ठाऊक नाही, असं आपल्याला माझ्या कुठल्या वाक्यावरून वाटलं? त्याच लेखाच्या चौथ्या परिच्छेदात, धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन प्रवाहाच्या सांकेतिक (धनाकडून ऋणाकडे अशी ठरवून घेतलेल्या) दिशेच्या उलट सरकतात, असं मी स्वतः लिहिलंय. तिथपर्यंत आपण वाचलेलं दिसत नाही.

आणि दिशेच्या बाबतीत मी पोपट का होऊ शकत नाही, त्यालाही कारण आहे. एकोणीस वर्षांची असताना मी एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करत होते. तिथल्या शिकवणाऱ्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच होतं. डायोडच्या (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) चिन्हातला बाण जुन्या चुकीच्या समजुतीतून आलाय, खरा प्रवाह बाणाच्या उलट जातो, असं ते ठासून सांगत. मी त्यावर विश्वास ठेवला आणि एका छोट्या पॉवर सप्लायमध्ये डायोड उलटा सोल्डर केला. डायोडवरचा खुणेचा पट्टा जिकडे हवा त्याच्या विरुद्ध बाजूला गेला. पुढच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला, म्हणजे धन-ऋण बाजू ठरलेल्या, प्रभार साठवणाऱ्या भागाला, विद्युतदाब उलटा मिळाला. काही सेकंद काहीच झालं नाही. मग कपॅसिटरच्या ॲल्युमिनियमच्या डबीचं डोकं फुगलं, फट्‌ आवाज झाला, आतला ओला कागद आणि गरम द्रव बाहेर उडाला. डाव्या मनगटावर डाग अजून आहे. त्या दिवशी संध्याकाळी 'इलेक्ट्रॉनची वाट' आणि 'प्रवाहाची दिशा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मी वहीत दोन रकाने करून लिहिलं. हे मला कोणी पढवलेलं नाही.

तर मुद्दा तोच. तुम्ही 'चूक' म्हणता ती नेमकी कशात आहे? काच रेशमावर घासली की काचेवर विजेचा साठा जास्त होतो, असा फ्रँकलिनचा अंदाज होता, म्हणून त्याने काचेला धन म्हटलं. आज आपल्याला माहीत आहे की तिथे काचेवरचे इलेक्ट्रॉन रेशमाकडे जातात. म्हणजे कुठे भर पडली आणि कुठे तूट आली, हा त्याचा अंदाज उलटा निघाला. पण नाव चुकत नसतं. दोन प्रकारच्या प्रभारांपैकी एकाला धन म्हणायचंच होतं. त्याने दुसऱ्याला म्हटलं असतं तर इलेक्ट्रॉन धन ठरला असता, आणि निसर्गात तसूभरही फरक पडला नसता.

प्रवाह म्हणजे एखाद्या कणाची पायवाट नव्हे. तारेच्या एका छेदातून दर सेकंदाला किती प्रभार इकडून तिकडे गेला, याचा तो हिशेब आहे. ऋण प्रभार डावीकडे गेला काय आणि तेवढाच धन प्रभार उजवीकडे गेला काय, हिशेबाला सारखंच. तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची दोन्ही वेळा एकाच बाजूला वळते. अँमीटरलाही फरक कळत नाही. १८२० मध्ये अँपिअरने प्रवाहाची दिशा ठरवून घेतली ती याच हिशेबासाठी, आणि त्याचं काम इलेक्ट्रॉन सापडल्यावरही मोडलं नाही.

तुम्ही फक्त तांब्याची तार डोळ्यांसमोर ठेवली आहे. मी मुलांना काचेचं भांडं दाखवायचे. त्यात मोरचुदाचं निळं पाणी, पाण्यात तांब्याच्या दोन पट्ट्या, एक घटाच्या धन अग्राला जोडलेली, दुसरी ऋण अग्राला. एक अँपिअर प्रवाह तासभर सोडला की ऋणाला जोडलेल्या पट्टीवर सुमारे १.१९ ग्रॅम तांबं चढतं. पट्टी धुऊन, वाळवून तराजूत टाकली की दिसतं, आणि नवं तांबं जुन्यापेक्षा गुलाबी असतं. त्या पाण्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत नाहीत. तांब्याचे धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेले अणू, ऋणाच्या पट्टीकडे जातात, म्हणजे नेमके त्याच दिशेने जिला तुम्ही चूक म्हणता. सल्फेटचे ऋण आयन त्याच वेळी उलट जातात. आता या भांड्यात 'खरी' दिशा कोणाची धरायची? बाहेरच्या तारेत एक दिशा आणि पाण्यात शिरताच दोन, असा बाण काढून दाखवा. सांकेतिक दिशा घेतली की तार, पाणी, घटाचं पोट, सगळीकडून एकच बाण सलग फिरतो.

घटाचं पोट म्हटलं म्हणून सांगते, तिथे आतून प्रवाह ऋणाकडून धनाकडे जातो. याच जागी मुलं हमखास अडखळतात, आणि कोणी 'वीज ऋणाकडून धनाकडे जाते' असं सरसकट ठोकून दिलं की त्यांचा गोंधळ दुप्पट होतो. मी तो बाण दर वर्षी फळ्यावर तीन-तीनदा काढलाय.

धातूंपुरतंच बोलायचं म्हटलं तरी गोष्ट तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही. १८७९ मध्ये एडविन हॉलने धातूच्या पातळ पत्र्यातून प्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, तेव्हा पत्र्याच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब मिळाला. या दाबाच्या चिन्हावरून आत प्रभार वाहून नेणारा कण धन की ऋण हे ओळखता येतं. तांबं ऋण दाखवतं. जस्त आणि बेरिलियम मात्र उलट चिन्ह दाखवतात, जणू आत धन प्रभारच चालला आहे. इलेक्ट्रॉनिक भागांमध्ये वापरतात त्या पी प्रकारच्या सिलिकॉनमध्येही तेच. शाळेतल्या पोराने हेही सांगितलं असेल तर मला त्याला भेटायला आवडेल, मी मनापासून म्हणते.

आणि इलेक्ट्रॉन 'जातात' म्हणताना ते किती जातात तेही बघा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वाहत असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतात. एक मीटर जायला पावणेचार तास लागतात. बटण दाबताच दिवा लागतो तो विद्युतक्षेत्र तारेत भरभर पसरतं म्हणून. ऋण अग्रातून निघालेला इलेक्ट्रॉन तिथवर पोचलेलाही नसतो.

एसीचं म्हणाल तर, दिशा आलटूनपालटून बदलते म्हणजे ती नसते असं नाही. मुलांना पहिल्यापासून इलेक्ट्रॉनची दिशा शिकवायची सूचना करणारे तुम्ही पहिले नाही. डायोडचा बाण, ट्रान्झिस्टरचा बाण, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम, सगळं उलटं करून शिकवायची तयारी असेल तर जरूर शिकवा. त्यावर मी आज वेळ घालवणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मोरचूद, दोन पट्ट्या आणि तराजू मिळाला तर तासभर प्रयोग करा, आणि कुठली पट्टी जड झाली ते लिहा. ते मी आनंदाने छापीन. फक्त पोपट वगळून लिहा.